सांघिक विजेते

ढाल असून मी आजवर एकही वार झेललेला नाही. मी आहे वादविवाद स्पर्धेची फिरती ढाल. सागवानी पाट, वर पितळी पत्रा, जन्म अमरावतीचा. जिंकलेलं कॉलेज मला वाजतगाजत नेतं, फोटो झाले की कपाटावर टाकतं आणि परत द्यायची वेळ आली की चिंच लावून घासतं. माणसांचं प्रेम मला चांगलं ठाऊक आहे.

स्पर्धेत जोडीतला एक जण विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात. दोघांचे गुण मिळून ढाल ठरते, म्हणून जोडीदाराचे मुद्दे कोणी खोडत नाही. राज्य स्पर्धेला मात्र पहिला आलेला एकटाच जातो.

यंदा विषय होता, ‘१८६४ची निवडणूक लिंकन हरले असते, तर अमेरिकेच्या यादवी युद्धाचा निकाल बदलला असता.’ त्याच युद्धापायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्यामुळे सभागृह भरलेलं.

धामणगाव रेल्वे गावच्या फूलवाल्या माणिकबाईंची मुलगी करिश्मा बाजूने बोलणार होती, तिचा वर्गमित्र जीवन विरोधात. राज्य स्पर्धेचा तिने वर्षभर ध्यास घेतला होता. माझ्या टेबलाशी उभी राहून ती त्याला म्हणाली, “माह्या भाषनात एक जागा कच्ची हाये. निवडणूक नोव्हेंबरात, पन नवा अध्यक्ष खुर्चीवर बसते मार्चात. तोवर दक्षिणेचं सैन्य संपतच आलं होतं. कोनी धरलं त मी गेली.”

“कोन धरते? बोल तू बिनधास्त!”

ती सुरेख बोलली. थकलेली जनता, घाईचा तह, आणि त्या तहात गुलाम गुलामच राहिलेले. टाळ्या पडल्या.

मग जीवन उठला. “माझ्या सहकारी मैत्रिणीने मार्च महिना सोयीस्करपणे लपवला!”

सभागृह दणाणलं. करिश्माचा चेहरा उतरला, आणि माझा पितळी जीव जळला. पहिला जीवन आला. ढालही त्यांचीच झाली.

“स्पर्धा हाये, दिलावर काहून घेऊन राहिली?” तो हसत म्हणाला.

“तुले कच्ची जागा दाखवली, ते सांभाळाले,” ती म्हणाली. फोटोला तिने मला हातसुद्धा लावला नाही.

नावं कोरताना तिने सरांना विनवलं, “सर, माहं नाव नका टाकू.” सरांनी नियम दाखवला.

आता मी त्यांच्या कॉलेजात आहे. ती माझ्यासमोरून मान वळवून जाते. माझ्या छातीवर लिहिलंय, ‘सांघिक विजेते : करिश्मा, जीवन.’ मला ते पुसता येत नाही. बाबांनो, तुम्ही वाचाल तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नका.