ताईच्या हातचा ग्रंथ

आमच्या बेकरीतला टीव्ही गिऱ्हाइकांसाठी नाही, ताईसाठी आहे. विधिमंडळाचं कामकाज सुरू झालं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट येते आणि त्यात काळा सदरा घातलेली ताई उभी असते. सभागृहात जे बोललं जातं ते ती बहिऱ्यांसाठी हातांच्या खुणांनी सांगते. तिची बहीण, आमची धाकटी, जन्मापासून बहिरी. पीठ मळता मळता ती ताईकडे बघते, आणि मी धाकटीकडे. आम्ही दोघी वरच्या खोलीत एकत्र राहतो, ते नुसत्या मैत्रिणी म्हणून नव्हे. गल्लीला ते ठाऊक आहे, पण आमचा पाव मऊ असतो, म्हणून कुणी तोंड उघडत नाही.

धाकटी भाविक आहे. सकाळी भट्टीतून पहिली लादी निघाली की तिच्यावर हात धरून ती ग्रंथातली एक ओळ खुणांनी म्हणते, "जे एका चुलीवर भाजलेलं वाटून खातात, त्यांना कुणी नातं विचारू नये." मी देवाधर्माच्या वाटेला जात नाही. तरी ती ओळ बघताना वाटायचं, ज्याने कुणी हा ग्रंथ लिहिला तो माणूस बरा असावा.

तिने स्वतः ग्रंथ कधी वाचला नव्हता. त्याची जुनी भाषा शिकलेल्यांनाही धड कळत नाही. लहानपणी आई संध्याकाळी मोठ्याने वाचून अर्थ सांगायची, आणि ताई समोर बसून तो धाकटीला हातांनी सांगायची. धाकटीचा देव तिथूनच आला.

त्या दिवशी घरभाड्याचा कायदा मतदानाला होता. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना जागा देणाऱ्या मालकाला दंड, आणि त्यात आमच्यासारख्या दोघी आल्याच. आमची खोली आणि खालची भट्टी एकाच मालकाची. मालक माणूस चांगला, पण दंड भरण्याइतका चांगला कोण असतो?

विरोधी बाकांवरच्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "सरकार राज्यघटनेवर चालतं, ग्रंथावर नाही." एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर मी त्यांना जन्मभर फुकट पाव दिला असता. पण टाळ्या पडल्या नाहीत, तशा त्या बिचकल्या आणि "ग्रंथातसुद्धा करुणाच सांगितली आहे" असं म्हणून खाली बसल्या. मंत्र्याला तेवढंच हवं होतं. तिसरं लग्न सांभाळताना नाकी नऊ आलेला हा गृहस्थ ग्रंथ उघडूनच उभा राहिला.

"ग्रंथात काय आहे ते मीच वाचून दाखवतो," तो म्हणाला. आधी जुन्या भाषेत वाचलं, मग सोपं करून सांगितलं. "जी बाई नवऱ्याच्या घराबाहेर अंथरूण घालते, तिच्या हातचं खाऊ नये."

ताईचे हात छातीपाशी थांबले. तिच्या कामात बोलणाऱ्याचा 'मी' तोच तिचा 'मी' असतो. मंत्री असं म्हणाले, अशी पळवाट तिला नसते. गाळता तर काहीच येत नाही, कारण बघणाऱ्या बहिऱ्यांनाही तोच कायदा लागणार असतो. तिने सांगितलं, शब्द न् शब्द, आमच्याकडे बघत.

धाकटीने पिठाचे हात वर केले. "ताई चुकली. असं ग्रंथात नाही. मला सगळा येतो."

कायदा मंजूर झाला. हात इतके वर गेले की मोजायची वेळच आली नाही.

संध्याकाळी ताई त्याच काळ्या सदऱ्यात आली. मी शटर अर्धं ओढलं. दोघींचं बोलणं खुणांनीच चाललं.

"तो खोटं वाचत होता ना?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"आई वाचायची तेव्हाही ते होतं?"

"होतं. शेजारच्या काकू नवरा सोडून दुसऱ्याबरोबर राहायच्या. आई कामावर गेली की आपण त्यांच्याकडे जेवायचो. तुला हे सांगितलं असतं तर तू त्यांच्या हातचं खाल्लं नसतंस. आणि आईचं वाचन चालू असताना माझे हात थांबले असते, तर तिला कळलं असतं."

"मग त्या जागी काय सांगितलंस?"

ताईने पावाच्या ट्रेकडे बघितलं. धाकटीच्या आधी मला कळलं.

"एका चुलीवरचं," ताईने सांगितलं. "ते माझं होतं. ग्रंथात नाही."

धाकटीने डोळे मिटले. ऐकायचं नसलं की ती एवढंच करते, आणि मग तिच्यापर्यंत पोचायला वाट उरत नाही. मिटलेल्या डोळ्यांसमोर ताईचे हात तरीही बोलत राहिले, "माझं असलं तरी खोटं नव्हतं ग." पुन्हा पुन्हा तेच. ते बघणारी मी एकटीच होते. मला मंत्र्यापेक्षा ताईचाच जास्त राग आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

"ताई, बसा जरा," मी म्हणाले.

ती बसली नाही. शटरखालून वाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा निरोप आला, महिनाअखेर जागा रिकामी करा. तेवढ्यात पहिली लादी निघाली. सवयीने धाकटीचे हात तिच्यावर गेले, तसेच अडले, आणि तिने ते फडक्याला पुसले. ग्रंथातलं नसेल तर ते कुणाला म्हणायचं, हे तिला कळत नव्हतं. मला मात्र ती ओळ रोज बघून पाठ झाली होती. मी तिच्या समोर उभी राहिले आणि माझ्या ओबडधोबड खुणांनी म्हणायला लागले.

ओळीतल्या 'नातं' या शब्दापर्यंत पोचले, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.