आधी माझे पॉइंट चार वजा करा

या सगळ्या खटाटोपातून डॅरेलला दोन गोष्टी मिळायच्या होत्या. एक म्हणजे पप्पांची सिगरेट सुटणार होती. दुसरी म्हणजे पप्पांच्या तोंडून एक ‘शाब्बास’ निघणार होती. मित्रांनो, त्या घरात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ होती. हे मी खात्रीने सांगतो, कारण मोजणं हाच माझा धंदा. मी एक जुना, पिवळा मल्टिमीटर आहे.

कपाळावर आकड्यांची खिडकी, पोटावर फिरवायची चकती आणि एक लाल, एक काळी अशा दोन वायरी, त्यांच्या टोकाला सुया. एवढाच माझा संसार. सुया टेकवा, की तिथे वीज किती आणि तिच्या वाटेत अडवणूक किती, ते मी सांगतो. या अडवणुकीला तुमच्या पुस्तकात रोध म्हणतात. अडवणूक जितकी कमी, तितकी वीज सैराट धावते. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझे मालक फ्रेडरिक. वसईचा माणूस, मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात इलेक्ट्रिशियन. घर अल हैलला, तळमजल्यावर, पुढे फरसबंद अंगण. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी म्हणजे देखणी जोडी होती. केसाएवढी तार ती बोटं अशी वळवत, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. नोकरी त्या बोटांवर होती, व्हिसा नोकरीवर होता आणि घर व्हिसावर. त्यांची बायको विनीबाई रोज रात्री त्या हातांना तेल लावून द्यायच्या, ते काही उगाच नाही.

एकदा हॉटेलातल्या उंच पॅनेलपर्यंत माझी लाल वायर पोचेना, तेव्हा फ्रेडरिकनी तिला दुसऱ्या वायरीचा तुकडा जोडून लांब केलं. तेव्हापासून माझ्या स्वतःच्या वायरींचाच रोध पॉइंट चार ओहम झाला. काही न मोजता दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या, तरी माझ्या खिडकीत पॉइंट चार दिसायचे. म्हणून फ्रेडरिक बारीक रोध मोजण्याआधी सुया एकमेकींना लावत, आलेला आकडा मनात धरत आणि शेवटी वजा करत. त्यांचा जोडीदार दिलशाद हसायचा, “फ्रेडीभाई, तुम्हारा मीटर पहले अपना कमिशन खाता है.” खरं होतं ते. मोठ्या आकड्यात माझं कमिशन कुणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या आकड्यात मात्र जवळजवळ सगळा आकडा मीच असतो.

माझी कीर्ती मोठी होती. चिलर बंद पडो, लिफ्ट अडो, पहिली हाक मला. “यल्ला, लवकर पिवळा आण,” की मी निघालोच. पण हॉटेलात नवे, चकचकीत मीटर आले आणि माझी रवानगी घरच्या कपाटात झाली. शेजारी जुनी इस्त्री आणि ख्रिसमसच्या माळा. त्या माळा वर्षातून एकदा तरी बाहेर निघायच्या. मी नाही.

डॅरेल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. अल खौदच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायचा. लहानपणी त्याने प्लग जोडला, की फ्रेडरिक तो उघडून पुन्हा जोडत. पोराने हळूहळू स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा सोडून दिला. जोडलेल्या बेरजा तरी कुणी उघडून बघत नाही, म्हणून अकाउंट्समध्ये गेला, असा माझा अंदाज.

मग फ्रेडरिकना खोकला लागला. डॉक्टरांनी सिगरेट बंद करायला सांगितली. फ्रेडरिकनी मान हलवली आणि बाहेर येऊन एक पेटवली. विनीबाई म्हणायच्या, “चर्चमध्ये धूप कशाला हवा, तू बसलास की झालं.” डॅरेलने तेव्हाच ठरवलं, की पप्पांच्या साठाव्या वाढदिवसाला सिगरेटऐवजी ओढायचं वाफेचं यंत्र आपल्या हाताने बनवून द्यायचं. सिगरेट सोडायला खरं तर डॉक्टरांना विचारायचं असतं. पण विचारलं तर गंमत काय राहिली? इथे असली यंत्रं दुकानात मिळत नाहीत. भाग कुणाकुणाच्या बॅगेतून तुकड्यातुकड्यांनी आले: एक पितळी नळी, एक सेल, वेटोळी करायची तार. नळीत सेल, वर तापून वाफ करणारं तारेचं वेटोळं, खाली बटण. मध्ये वीज आवरणारं काहीही नाही, साधा फ्यूजसुद्धा नाही.

माझ्या अडगळीतून मी बघत होतो. पोराने हयगय केली नाही. सेलचं फाटकं वेष्टण काढून नवं चढवलं. सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकला नाही, प्लास्टिकच्या डबीत ठेवला. हे सगळं व्हिडिओत सांगितलं होतं. वेटोळ्याचा रोध मोजा, हेही सांगितलं होतं. म्हणून त्याने मला बाहेर काढलं, धूळ पुसली, नवी बॅटरी घातली. खोटं कशाला बोलू, मी हरखलो.

त्याने सुया सरळ वेटोळ्याला लावल्या. मी दाखवलं पॉइंट पाच. भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट रोधाने भागले, तर पॉइंट पाचला साडेआठ अँपिअरच्या आत वीज धावते आणि तो सेल वीस सोसणारा. हिशेबनीस पोरगा, त्याने भागाकार दोनदा तपासला. भागाकार बरोबरच होता. पण त्या पाचातले चार माझे होते. वेटोळ्याचा रोध होता फक्त पॉइंट एक, म्हणजे बेचाळीस अँपिअर. आणि माझं हे कमिशन ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यापासूनच सगळं लपवायचं होतं.

वाढदिवसाच्या शुक्रवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर जेवायला दिलशाद आला होता. केक कापून झाला आणि डॅरेलने ती नळी पप्पांच्या हातात दिली. फ्रेडरिकनी ती उलटसुलट बघितली. त्यांचे डोळे भरलेले मी बघितले.

“मीटर लावलास?”

“लावला पप्पा. तुमचाच, पिवळा. पॉइंट पाच.”

मी टेबलावरच होतो. फ्रेडरिकचा हात माझ्याकडे आला. सुया उचलल्यासुद्धा.

“फ्रेडी,” विनीबाई हळूच म्हणाल्या, “आजच्या दिवशी तरी पोराचं काम उघडून बघू नकोस.”

मित्रांनो, त्यात वावगं काय होतं? कुठलीही आई हेच म्हणाली असती. फ्रेडरिकनी पोराच्या चेहऱ्याकडे बघितलं, सुया खाली ठेवल्या आणि बटण दाबलं.

वेटोळं लाल झालं, पांढरं झालं. बोट उचललं तरी विझेना. बटणाखालची स्प्रिंग उष्णतेने बसली होती. फ्रेडरिकना काय झालं ते क्षणात कळलं. डॅरेल ती नळी घ्यायला झेपावला, तसा त्यांनी डाव्या हाताने त्याला मागे ढकललं. टाकली असती तर मधे दिलशाद होता, पडदे होते, विनीबाई होत्या. ते नळी घट्ट धरून अंगणाकडे निघाले. उंबऱ्यापाशी सेल फुसफुसला आणि त्यातून जाळ सुटला. तेव्हा कुठे त्यांनी ती बाहेर फरशीवर भिरकावली.

घरातल्या दुसऱ्या कुणाला साधा चटकाही बसला नाही.

हॉस्पिटलातून हात परत आला, पण बोटं परत आली नाहीत. अंगठा मिटत नाही, तर्जनीला स्पर्श कळत नाही. हॉटेलने काही महिने वाट बघितली आणि मग सभ्यपणे खलास म्हटलं; नोकरीबरोबर व्हिसाही गेला. वसईला निघायच्या आदल्या दिवशी, बॅगा भरलेल्या असताना, जुनी इस्त्री चालेना. डॅरेल मला घेऊन जमिनीवर बसला. त्याने आधी सुया एकमेकींना लावल्या. पॉइंट चार. मग इस्त्रीच्या वायरीला लावल्या, माझे चार वजा केले आणि सैल पडलेला जोड शोधून प्लग नव्याने जोडला. फ्रेडरिक खुर्चीतून बघत होते. त्यांनी प्लग उघडायला मागितला नाही.

“शाब्बास,” ते म्हणाले.

डॅरेल मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला, गुंडाळून झाल्यावरही.

आता मी इथे मस्कतला त्याच्या टेबलावर असतो, कपाटात नाही. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या कुणाला हातात घ्याल, तेव्हा आधी सुया एकमेकींना लावा आणि आमचा वाटा काढून टाका. सेलला कधी खेळणं समजू नका. आणि घरात जाणता माणूस असेल तर त्याला विचारा, गंमत थोडी कमी झाली तरी चालेल. तपासून बघणं म्हणजे अविश्वास नव्हे.

राहिला हिशेब. डॅरेलला दोन गोष्टी मिळायच्या होत्या, दोन्ही मिळाल्या. पप्पांनी त्या शुक्रवारनंतर सिगरेटला हात लावला नाही, आणि शाब्बासही म्हटलं. विनीबाईंच्या वाट्याला त्यांचंच ‘उघडून बघू नकोस’ हे वाक्य आलं, ते त्या वसईला बरोबर घेऊन गेल्या. तेलाची बाटली अजून रोज रात्री निघते म्हणे. बाकी सगळं फ्रेडरिकनी भरलं, एका अंगठ्याने आणि एका बोटाने.