डाव्या कुशीवर

दिपमालाचं मागणं फार नव्हतं. मुलगा होवो, मुलगी होवो, काळं होवो, गोरं होवो, तिला फक्त बाळाचं डोकं खाली यायला हवं होतं. तिच्या मावसबहिणीचं सिझर झालं तेव्हा टाके पिकून ती दीड महिना अंथरुणाला खिळली होती. ते दिपमालानं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तेव्हापासून पोट फाडायचं म्हटलं की तिच्या हातापायाला घाम सुटायचा.

चौतिसाव्या आठवड्यात जळगावच्या डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी बघितली आणि म्हणाल्या, "बाळ उलटं बसलंय गं, डोकं वर आहे. घाबरू नकोस, बरीच बाळं आपली आपण फिरतात. उताणी झोपू नकोस, कुशीवर झोप. पुढचं मी फोनवर कळवते." कुशीवर झोपल्यानं फिरेल का, असं विचारायला दिपमालानं तोंड उघडलं, तर आतून एक बाळंतीण ओरडली आणि मॅडम पळाल्या. विचारायचं राहूनच गेलं.

उत्तर दिलं नवऱ्यानं. एरंडोलच्या रस्त्याला लागल्यावर किरण म्हणाला, "फिरेल ना! डाव्या कुशीवर झोपायचं, आपोआप फिरतं. फाइल देताना सिस्टर म्हणाली मला." झालं! नवऱ्याचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण माणूस एकदाही खोटं बोलला नव्हता. म्हणजे तिला तसं वाटत होतं बिचारीला.

घरी सासू नव्हती, ती लग्नाआधीच गेलेली. सासरे शालिग्राम आबा ओट्यावर बसले होते. बाळाचे पाय खाली आहेत हे ऐकलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की जणू केळीला दुप्पट भाव मिळाला. "मंग पोऱ्या पायाळू व्हई!" ते म्हणाले. "पायाळूले जमिनीमधलं पानी दिसस. आपला चार बोर कोल्डा गयात, आते पाचवा हाऊ पोऱ्या दाखाडी." चार बोअर कोरडे गेले, आता पाचव्याची जागा बाळ दाखवणार म्हणे! दिपमालाला हसू आलं. म्हातारं माणूस आहे, बोलतं काहीतरी, असं म्हणून ती आत गेली. चांगली शिकलेली पोर, पण ज्यावर हसली त्याच्याकडे नीट बघायचं तिला सुचलं नाही.

त्या रात्रीपासून ती डाव्या कुशीवर झोपायला लागली. बोलायला सोपं आहे हो! आठव्या-नवव्या महिन्यात एकाच कुशीवर पडून बघा म्हणजे कळेल. खांदा आखडायचा, हाताला मुंग्या यायच्या, कान दुखायचा. झोपेत उताणी होऊ नये म्हणून किरणच तिच्या पाठीशी गोधडीची वळकटी करून लावायचा. "बरोबर आहे का? टोचत नाही ना?" असं विचारायचा. कधी पहाटे जाग आली आणि आपण उजवीकडे वळलोय असं दिसलं, की तिला रडू फुटायचं. एवढंसं काम आणि तेही आपल्याला धड जमत नाही, असं वाटायचं. मग पोटावर हात ठेवून ती बाळाची माफी मागायची.

मॅडमचा फोन आला का, असं तिनं चार वेळा तरी विचारलं. फाइलवर नंबर किरणचा होता. "मॅडम बाहेरगावी गेल्या आहेत," तो म्हणायचा. "तू झोपायचं तेवढं नीट बघ."

अडतिसावा आठवडा सरला आणि धुळ्याच्या देवपूरहून तिची आई इंदिराबाई आली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं सोडून पोरीला अजून का अडकवून ठेवलंय, असं आबांना तोंडावर विचारून ती दिपमालाला घेऊन थेट जळगावला गेली. किरण गाडी चालवत होता.

मॅडम तिला बघून चिडल्याच. "आत्ता येतेस होय? दोनदा फोन केला! सदतिसाव्या आठवड्यात बोलावलं होतं, बाळ बाहेरून हातानं फिरवून बघणार होतो. तुझे मिस्टर म्हणाले, पेशंट धुळ्याला माहेरी गेली आहे, तिकडेच करून घेतो."

"मी तर घरीच होते," दिपमाला म्हणाली. "डाव्या कुशीवर झोपत होते. बाळ फिरावं म्हणून."

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "अगं, कुशीवर झोपायला सांगितलं ते बाळाला रक्तपुरवठा नीट व्हावा म्हणून. त्यानं बाळ फिरतं असं काही नाही. हातानं फिरवलं तर निम्म्या जणींचं फिरतं. तुझं फिरलं असतंच असं मी म्हणत नाही, पण बघता आलं असतं. आता पाणी कमी झालंय, बाळही खाली घट्ट बसलंय. उद्या सकाळी सिझर करू."

बाहेर बाकड्यावर किरण मान खाली घालून बसला होता. इंदिराबाईनं तोंड उघडलं, पण दिपमालानं तिला हातानंच थांबवलं.

"का?" तिनं विचारलं.

"आबांचं मन मोडवेना," तो म्हणाला. "रोज म्हणायचे, देवानं दिलेलं फिरवायचं नाही. बोअरला पाणी लागलं तर केळीची बाग वाचेल. मला वाटलं, शेवटी सिझर काय आणि काय, दवाखाना तर आहेच."

"आणि ती वळकटी?"

फोन येऊन गेल्यावरही तो ती रोज रात्री लावत होता. दिपमालाला त्या वळकटीचंच जास्त लागलं. मन मोडवेना म्हणे! बापाचं मोडवेना आणि बायकोचं मोडलं तर चालतं? तिला ओरडावंसं वाटलं, पण पोटात बाळ होतं आणि उद्या सिझर होतं. ती आईचा हात धरून आत गेली. सहीच्या कागदावर नवऱ्याची वाट न बघता तिनं स्वतःची सही केली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मुलगी झाली. पडद्यापलीकडून मॅडम हसत म्हणाल्या, "ढुंगण आधी आलं हो तुझ्या लेकीचं! पाय पार वर, कानाशी दुमडून बसली होती."

दुपारी आबा आले. टोपी काढली नाही, पोर कशी आहे विचारलं नाही, बाळंतिणीकडे बघितलंसुद्धा नाही. दारातूनच म्हणाले, "पाय पहिले उनात ना?"

दिपमालानं दोन वर्षांत सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आज पदर नव्हताच, हिरवा गाऊन होता. ती म्हणाली, "नाही आबा. ढुंगण आधी आलं. त्याला पाणी दिसतं का, तेवढं कोणाला तरी विचारून या."

इंदिराबाईनं तोंडाला पदर लावला. आबा पाळण्यात डोकावूनही न बघता जिना उतरून गेले.

किरण मात्र थांबला. पलंगाच्या कडेला बसला. बाळाच्या मुठीला बोट लावून म्हणाला, "झालं ना सगळं नीट? हातानं फिरवूनसुद्धा कदाचित नसतं फिरलं. मॅडमच म्हणाल्या. आता सोडून दे."

टाके ओढत होते, खाली सगळं अजून बधिर होतं. दिपमालानं बाळाला त्याच्या बोटापासून सोडवून आपल्याजवळ घेतलं.

"बाळाचं नका सांगू मला," ती म्हणाली. "जागेपणी बायका नवऱ्याचं ऐकतात, त्यात काही नवल नाही. मी झोपेतसुद्धा तुमचंच ऐकत होते."