शंभराला सहा कमी

जुना तर मी आहेच, मित्रांनो, पण बिघडलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी फॅरनहाइट अंश दाखवणारा पत्र्याचा गोल तापमापक, बियाण्यांच्या दुकानाने गिऱ्हाइकांना फुकट वाटलेला. अमेरिकेत, दक्षिण जॉर्जियातल्या आमच्या काउंटीपासून समुद्र दीडशे मैल लांब, तरी उन्हाळाभर हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. एल्वुडकाकांनी मला उत्तरेच्या पडवीत, सावलीत टांगलं आणि घराला नियम घालून दिला, "काटा शंभरावर गेल्याशिवाय एसी लावायचा नाही." येणारेजाणारे तोंडावरची चिलटं फुंकरीने उडवत विचारायचे, "आज किती?" तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो.

पुढे काका वारले. त्यांच्या बायकोने, व्हर्डेलमावशींनी, नियम काही मोडला नाही.

गेल्या जुलैत एका दुपारी सर येऊन गेली आणि लगेच ऊन पडलं. जमिनीतून वाफा निघत होत्या, झाडाचं पान हलत नव्हतं. मावशी मांडीवर भांडं घेऊन शेंगा सोलत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चौऱ्याण्णव! शंभराला सहा कमी. चैन आहे बाई!"

त्यांचा घाम नुसता निथळत होता, वाळत नव्हता. मला ते दिसत होतं, पण दमटपणा मोजायला माझ्याकडे काहीच नाही. थोड्या वेळाने भांडं खाली पडलं. मावशी रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "एल्वुड, टोपी घाल ना!" माझी तर पाचावर धारण बसली.

नशीब, शेजारची लर्लीन टोमॅटो घेऊन आली.

"अगं बाई! मावशी, कुणाशी बोलताय?"

"यांच्याशी."

"उठा आधी! एसी लावते."

"अजून शंभर नाही झालं गं."

"खड्ड्यात गेलं तुमचं शंभर!"

तिने मावशींना धरून आत नेलं, काखेत बर्फ ठेवला, रुग्णवाहिका बोलावली. अर्धा तास उशीर झाला असता तर मावशी हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

मावशी घरी आल्या त्या दिवशी लर्लीनने मला खिळ्यावरून उतरवलं. "हा मेला आधी कचऱ्यात!"

"त्याला कशाला बोलतेस?" मावशी म्हणाल्या. "चौऱ्याण्णव होतं, त्याने चौऱ्याण्णवच सांगितलं. अक्कल मी गहाण टाकली होती. टांग त्याला परत."

आता लर्लीन रोज दुपारी येते. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, सरळ मावशींच्या मानेवर हात ठेवते. सुरुवातीला मला ते फार लागलं. पण मित्रांनो, खरं ते सांगतो. माझी काच पुसत जा, मला सावलीत ठेवा, मी आकडा बरोबर सांगेन. माणूस कसा आहे ते मात्र जवळ जाऊन, हात लावूनच बघा.