बांधाखालच्या जेसीबीची नंबरप्लेट

मी एका जुन्या जेसीबीची नंबरप्लेट आहे, मित्रांनो! पिवळी, काळ्या अक्षरांची, एका कोपऱ्यात वाकलेली. माझा जेसीबी मात्र तुम्हाला दिसणार नाही. तो पेणजवळ खाडीच्या बांधाखाली आहे. अजून!

रोह्यापासून डोलवीपर्यंत आम्ही काय काय खणलं म्हणून सांगू! दसऱ्याला ड्रायव्हर जगनदादा आधी मला पुसायचा, मगच जेसीबीला झेंडूची माळ घालायचा. कसली मिरवायचे मी!

मग एकदा उधाणाने बांध फुटला. खारं पाणी गावाच्या भातशेतीत घुसू लागलं, तसा जगनदादाने जेसीबी थेट भगदाडात घातला. माती लोटता लोटता चिखलाने चाकं गिळली. त्याने रिव्हर्स टाकला. काही उपयोग झाला नाही. मागून उतरताना त्याने मला धरलं, स्क्रू निघाले आणि मी त्याच्या हातातच राहिले. जेसीबी खाली गेला. रिव्हर्सचं 'टीं टीं' पाण्यातूनही येत होतं. लोकांनी वरून दगडमाती टाकली. शेतं वाचली. जेसीबी काढला तर बांध पुन्हा फुटेल, म्हणून तो तिथेच राहिला.

तेव्हापासून दर भरतीला जगनदादा मला कानाला लावून बसायचा. त्याला ते टीं टीं ऐकू यायचं. मलाही येतं, पण मी सांगू कशी?

"येड्या जगनला जेसीबीचं भूत लागलंय!" लोक हसायचे.

"ह्या पाटीपायी नवरा जेवत नाय माझा," म्हणत त्याच्या बायकोने, पुतळीने, मला वडखळच्या भंगारात टाकलं.

तिथून मला सावनीने उचललं. ती रोह्याची, नववीतली. रोलर, क्रेन, जेसीबी यांच्या नंबरप्लेट जमवते. भिंतीवर मला मधोमध जागा! बाकीच्या गप्प असतात. मी भरतीला खिळ्यावर थरथरते.

परवा भंगारवाल्याकडून पत्ता काढत जगनदादा आला. सावनीने मला पटकन पाठीमागे लपवलं.

"नेत नाय गो तुझी पाटी," तो म्हणाला. "भरती लागलीय. जरा कान लाव तिला. माझ्याबिगर कुणाला ऐकू येतं का, तेवढं सांग."

सावनीला हसू फुटलं. तरी तिने मला कानाला लावलं. हसू विरलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "तो अजून मागे यायला बघतोय."

जगनदादा मटकन खाली बसला. मग म्हणाला, "पोरी, घरात काय खायला हाय का?"

मित्रांनो, जुनी पाटी भिंतीवर ठोकण्याआधी एकदा कानाला लावा. आणि कुणी काही ऐकू येतं म्हणालं, तर लगेच हसू नका.