जल्लाद आणि आठ नंबरची सुई

"तुम्ही कुणाच्या लेक आहात, तेवढं आईला सांगू नका," क्लिफर्ड टॅटरसॉलनं फोनवर तीनदा बजावलं होतं. "अठ्ठ्याऐंशीची आहे, पण हात अजून चालतो तिचा."

जॅनिसनं ते हसण्यावारी नेलं. एरवी ती पोराला द्राक्ष द्यायची तर चार तुकडे करून, घशात अडकेल म्हणून. पण अठ्ठ्याऐंशीची म्हातारी करून करून काय करणार?

तिला घोर होता तो वेगळाच. तिचे वडील वॉल्टर हॅस्लम जानेवारीत गेले. घरोघरच्या फरशीवर लिनो, म्हणजे मेणकापडासारखं जाड आच्छादन, अंथरून देणारा माणूस, एवढीच त्यांची इंग्लंडातल्या बर्न्ली गावात ओळख. घरात माशी शिरली तर खिडकी उघडून तिला वाट करून देणारे. थडग्याच्या दगडावर 'सज्जन माणूस' एवढेच शब्द कोरायचे, असं जॅनिसनं ठरवून टाकलं होतं. मग परसातल्या शेडमध्ये लिनोच्या गुंडाळ्यांमागे एक पिशवी सापडली. आत काळा मुखवटा, काळी घट्ट विजार आणि कुस्त्यांची एक जुनी जाहिरात: 'या शनिवारी! काळा जल्लाद!' टोबीनं, तिच्या चौदा महिन्यांच्या पोरानं, मुखवट्यात डोकं घातलं आणि तो खिदळला. जॅनिसनं घाईघाईनं तो ओढून काढला.

कामगारांच्या क्लबात तिनं विचारलं, तर म्हाताऱ्यांना चेवच चढला.

"जल्लाद? एक नंबरचा लबाड! पंचाची पाठ वळली की ह्याची बोटं समोरच्याच्या डोळ्यात!"

"पडलेल्याला लाथा घालायचा मेला!"

"अगं पोरी, अ‍ॅग्नेस टॅटरसॉलला विचार. तिनं भर सामन्यात त्याच्या ढुंगणात विणकामाची सुई खुपसली होती!"

बिअरचे ग्लास हिंदकळेपर्यंत सगळे हसले. जॅनिसही हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर. घरी जाताना मात्र तिला वाटलं, मग आपल्या जेवणाच्या टेबलाशी इतकी वर्षं कोण बसत होतं? टोबी पाळणाघरात दोन पोरांना चावला होता, तेही नेमकं तेव्हाच आठवलं. त्यात दगड कोरणाऱ्याचा निरोप: "शनिवारपर्यंत काय ते सांगा, बाई. छिन्नी एकदा चालली की चालली."

म्हणून शुक्रवारी दुपारी ती टोबीला कडेवर घेऊन टॅटरसॉलांच्या बैठकीच्या खोलीत उभी राहिली. खुर्चीत चिमणीएवढी अ‍ॅग्नेसआजी विणत बसली होती.

"कोण गं तू?"

जॅनिसनं उत्तर घोकून ठेवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "मी जल्लादची मुलगी."

सप्पकन आजीची छत्री तिच्या कानाजवळून गेली. "क्लिफर्ड! त्या हलकटाची औलाद माझ्या घरात!" छत्री पुन्हा उगारली गेली तसा टोबी पुढं झुकला आणि आजीच्या अंगठ्याला कचकन चावला.

आजीनं अंगठा डोळ्यांजवळ नेऊन दातांचे ठसे न्याहाळले.

"चावतंय की कार्टं!" आजीचा चेहरा एकदम फुलला. "क्लिफर्ड, बघत काय राहिलास, ठोंब्या? शुक्रवार आहे, तळलेले मासे आण जा. आणि वाटाणे मऊ आहेत का ते बघून घे!"

साठीचा क्लिफर्ड निमूट बाहेर पडला. दार लागलं तशी आजीनं छत्री खाली ठेवली आणि जॅनिसचा हात धरला.

"डोळे वॉल्टरचेच आहेत गं तुझे. सव्वीस वर्षं दर शुक्रवारी यायचा. मासे आणायला क्लिफर्ड बाहेर पडला की मागल्या दारानं."

"शुक्रवारी बाबा लिनोच्या फेरीवर असायचे!"

"हे काय, लिनोच आहे की, त्यानंच घातलेलं." आजीनं पायाखालचे निळे चौकोन दाखवले. "मी सुई खुपसली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी हा दारात हजर. मला वाटलं, पोलीस घेऊन आला. तर कागदात गुंडाळलेली माझी आठ नंबरची सुई पुढं करून म्हणतो कसा, 'बाई, तुमचं विणकाम अडलं असेल.' बस म्हटलं, तर बसेना. कसा बसणार? चहा उभ्यानंच प्यायला. जाताना म्हणाला, 'पुढच्या वेळी जमलं तर डाव्या बाजूला टोचा.'"

जॅनिस फिसकन हसली, मग हसतच सुटली. टोबीही उगाच टाळ्या पिटू लागला.

"आणि डोळ्यांत बोटं घालायचे ते?"

"भुवईवर टेकवायचा नुसती. ओरडायचं काम समोरच्याचं. लोकांनी पोटभर शिव्या घातल्या की ह्याचा दिवस कारणी लागायचा. मी तर दर शनिवारी टोचायची, हलक्या हातानं. भोकं मीच पाडायची नि शुक्रवारी रफूही मीच करायची."

जॅनिसला शेडमधल्या विजारीवरचे बारीक टाके आठवले. डाव्या बाजूला तर टाक्यांची दाटीच होती.

"मग हे क्लिफर्डला का नाही सांगितलंत?"

"जल्लादचा राग करत मोठा झालाय तो. आता साठीत कशाला पोराचं मन मोडू?"

इतक्यात बाहेरचं दार वाजलं. आजीनं झटक्यात छत्री उचलली. "नरकात सडतोय तो तुझा बाप!"

"सडू दे!" जॅनिस आनंदानं ओरडली. "मला तर तोंड दाखवायची लाज वाटते!"

क्लिफर्डनं मासे टेबलावर ठेवले आणि तिच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

त्याच संध्याकाळी तिनं दगडवाल्याला कळवलं: 'सज्जन माणूस', एक अक्षरही बदलायचं नाही.

तेव्हापासून शुक्रवारी तीच जाते. पण या आठवड्यात टोबीला कांजिण्या आल्यात, म्हातारीच्या घरी कसं न्यायचं त्याला? म्हणून जॅनिसचं तुम्हाला सांगणं आहे: या शुक्रवारी बर्न्लीत असाल तर अ‍ॅग्नेसआजीकडं डोकावून या. गॅसवर किटली विसरली नाही ना, जेवली का, बघा. दार उघडताच आधी जल्लादला चार शिव्या घाला. आणि क्लिफर्ड मासे आणायला जाईपर्यंत छत्रीपासून लांब उभे राहा.