जिन्यावरचं बोलणं

"नाक बोटांनी चिमटायचं, कोरायचं नाही," असं म्हणत इतिहासाच्या बाईंनी मातीच्या मूर्तीचा चेहरा चिमटीत धरला. सहावीचा वर्ग टेबलाभोवती कोंडाळं करून उभा होता. हजारो वर्षांपूर्वी नदीकाठच्या घरांत अशा मूर्ती असायच्या, हे पुस्तकाने एका ओळीत उरकलं होतं. बाईंना ते पोरांच्या हातांना कळायला हवं होतं. बघता बघता बाकांवर वेड्यावाकड्या देवींची रांग लागली. एकीला तर चक्क चष्मा होता.

"ही अभ्यास करणारी देवी आहे," मूर्तिकाराने खुलासा केला आणि वर्ग खिदळला.

वर्गातली एका वकिलांची मुलगी मात्र हसली नाही. "बाई, ते लोक हिच्याकडे पाऊस मागायचे ना? मग ती ऐकायची का?"

बाईंनी हात पुसले. असे प्रश्न उडवून लावणं त्यांना जमत नसे. "ऐकते, असं ते मानायचे. ते काय मानायचे आणि का, एवढंच इतिहास सांगू शकतो. पुढचं घरी आईबाबांना विचार."

मुलीने घरी विचारलं.

चार दिवसांनी मोठ्या बाईंनी बोलावणं धाडलं. त्यांच्या खोलीत वकील बसले होते. शेजारी भाषेच्या बाई होत्या. ज्येष्ठ शिक्षिका म्हणून त्यांनाही बोलावलेलं होतं. ही जुनी मैत्रीण दिसताच इतिहासाच्या बाईंच्या जिवात जीव आला. दोघींची जोडी सगळ्या शाळेला ठाऊक होती. एकीच्या डब्यातला घास दुसरीच्या डब्यात गेल्याशिवाय त्यांची मधली सुट्टी संपत नसे.

"मातीकामाबद्दल माझं काही म्हणणं नाही," वकील शांतपणे म्हणाले. "पण वर कोणी नसतं, आपणच हाका मारतो आणि आपणच ऐकतो, हे तुम्ही अकरा वर्षांच्या मुलांना कसं सांगता?"

 वाक्य बाईंचंच होतं, शब्दन् शब्द. पण ते वर्गातलं नव्हतं. धाकटा भाऊ गेला त्या दुपारी, इस्पितळाच्या जिन्यावर बसून, त्या ते एकाच माणसाजवळ बोलल्या होत्या. त्या माणसाने तेव्हा त्यांना कुशीत घेतलं होतं.

त्यांनी मैत्रिणीकडे पाहिलं. ती चहा ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली असणार, तरी चमचा फिरत राहिला.

"हे तुमचं वाक्य आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"माझंच आहे. पण वर्गात बोललेले नाही. मुलांना विचारा हवं तर."

"मग कुठे बोललात?"

चमचा थांबला. एक नाव घेतलं असतं तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. मैत्रीण स्वतःहून बोलेल म्हणून बाई थांबल्या.  

"ते माझं घरचं आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

सहावीचा इतिहास त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. "वाद नको म्हणून," मोठ्या बाई म्हणाल्या. बाईंना सातवीचा भूगोल मिळाला, आणि इतिहास भाषेच्या बाईंकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने त्यांना व्हरांड्यात गाठलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"अगं, वकिलांची बायको गाण्याच्या क्लासला असते माझ्याबरोबर. तुझ्याबद्दल वेडंवाकडं बोलायला लागली. मी तुझी बाजू घ्यायलाच गेले गं! म्हटलं, बिचारीचा तरणाताठा भाऊ गेलाय, त्या दुःखात जिन्यावर बोलली ती असं... त्याचं त्यांनी हे करून ठेवलं."

"आणि काल?"

"काल माझी जीभच उचलेना."

बाई कठड्याला टेकून मैदानाकडे बघत राहिल्या. खाली मुलं एका चेंडूमागे गलका करत धावत होती. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना नुसतं थकल्यासारखं झालं होतं.

मैत्रीण जवळ सरकली. इकडेतिकडे पाहून तिने आवाज उतरवला. "खरं सांगू? माझंही घरात काही धड नाहीये. कोणालाच बोलले नाही अजून. तुला म्हणून सांगते, आमचे हे..."

"नको."

"अं?"

"नको सांगूस मला."

"एवढी परकी झाले का गं मी?"

घंटा झाली. बाईंनी पृथ्वीचा गोल काखेत घेतला.

"तसं नाही," त्या म्हणाल्या. "मलाही तोंड आहे."

आणि त्या सातवीच्या वर्गाकडे निघाल्या.